शिमगा, चॉकलेट आणि भोपळा

ऑक्टोबर उजाडला की इथे न्यू जर्सीत आमच्यासारख्या देसी आईबापांचं एक ठरलेलं वेळापत्रक सुरू होतं. पहिल्या वीकेंडला ॲपल पिकिंग, दुसऱ्याला पम्पकिन पॅच, तिसऱ्याला झाडांचे रंग बघायला लांब ड्राइव्ह, 31 तारखेला हॅलोविन, त्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी दिवाळी आणि नोव्हेंबर संपता संपता थँक्सगिव्हिंगची सलग चार दिवसांची सुट्टी. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही या सगळ्याला हसायचो. शेतात जायला तिकीट? भोपळा स्वतः उचलून आणायचा आणि वर पैसे द्यायचे? आता घरात अडीच वर्षांची लेक आहे, त्यामुळे आम्हीही निमूटपणे रांगेत उभे असतो. तिला अर्थात भोपळ्यापेक्षा ट्रॅक्टर आवडतो, आणि ट्रॅक्टरपेक्षा चिखल.

गेल्या वर्षी असेच शेतावरचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि तासाभरात पुण्याहून आईचा फोन. "अरे, दिवाळी तोंडावर आलीये आणि लेकराला सांगाड्याशेजारी उभं करून फोटो कसले काढता? काय असतं तरी काय हे?"

बायको म्हणाली, "घ्या. सांगा आता."

प्रश्न रास्त होता. समोर एखादी जुनी सिस्टिम आली की ती कोणी लिहिली, कोणी कधी काय बदललं, हे आधी शोधायची आम्हा लोकांना सवय असतेच. त्यामुळे पुढचे काही वीकेंड लेक दुपारी झोपली की मी तेच वाचत बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतोय. त्यातलं निम्मं आईला सांगूनही झालंय.

तर मंडळी, सुरुवात आयर्लंड आणि स्कॉटलंडपासून. तिकडे उन्हाळा संपून हिवाळा लागायचा त्या सांध्यावर 'सावन' नावाचा सण असे. (लिहितात 'सॅमहेन' वाटेल असं, उच्चार मात्र आपल्या श्रावणाच्या हिंदी भावासारखा!) त्या रात्री आपलं जग आणि पलीकडचं जग यांच्यातला पडदा विरळ होतो अशी समजूत. अगदी प्राचीन काळी लोक त्या रात्री नेमकं काय करत याचे समकालीन लेखी पुरावे फार थोडे आहेत, त्यामुळे टीव्हीवर "दोन हजार वर्षांची अखंड परंपरा" वगैरे ऐकलं की थोडं मीठ लावून घ्यावं. पुढे ख्रिस्ती पंचांगात 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस झाला, 2 नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणजे 'ऑल हॅलोज ईव्ह', त्याचंच घासून घासून हॅलोविन झालं. मध्ययुगीन इंग्लंडात गोरगरीब आणि मुलं या दिवसांत दारोदार जाऊन गेलेल्यांसाठी प्रार्थना करायची आणि त्याबदल्यात त्यांना छोटे केक मिळायचे.

हे ऐकल्यावर आई पटकन म्हणाली, "म्हणजे पितृपक्षच की." अगदी तसंच नाही, पण फार लांबचंही नाही. पावसाळा सरताना आपणही गेलेल्यांसाठी पान वाढतोच. गोव्यातले ख्रिस्ती लोक तर 2 नोव्हेंबरला आजही आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात.

आता भोपळा. आयर्लंड-स्कॉटलंडात दिवे कोरले जायचे ते सलगमात. भोपळा त्यांच्याकडे नव्हताच, कारण तो मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या वाहाका भागात एका गुहेत या कुळातल्या लागवडीच्या बिया सापडल्या आहेत, त्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या. 1845 पासून आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला, भीषण दुष्काळ आला, सुमारे 10 लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यातली फार मोठी संख्या अमेरिकेत उतरली. त्यांनी रात्र सोबत आणली होती, भोपळा इथे तयार होता. इथली पोरं तो आधीही गंमत म्हणून कोरत होतीच. सलगमापेक्षा मोठा, मऊ आणि कोरायला सोपा. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात दोघांची गाठ पक्की झाली.

हाच भोपळा युरोपियन जहाजांबरोबर आपल्याकडेही आला. आपला दुधी जुना, लाल भोपळा मात्र परदेशी पाहुणा. ज्याचे आपण घारगे करतो, उपासाला भाजी करतो, त्याचा पासपोर्ट अमेरिकन आहे! आईला हे अजून पटलेलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला खरी गंमत वाटली ती यापुढच्या भागात. कारण 1900 च्या आसपासचं अमेरिकन हॅलोविन म्हणजे चक्क शिमगा होता.

आपल्याकडे होळीच्या आधी पोरं रात्री लोकांची लाकडं, गोवऱ्या, क्वचित एखादं दार किंवा मोडकी खाटसुद्धा पळवायची आणि दुसऱ्या दिवशी मालक शिव्या घालत फिरायचा, हे आजोबांकडून ऐकलं असेल. इथे तेच. फाटकं उचलून न्यायची, परसातले संडास उलटे करायचे, कोणाची घोडागाडी सुटी करून गोठ्याच्या छपरावर चढवायची. गावात सगळे सगळ्यांना ओळखायचे, त्यामुळे खपून जायचं. पण शहरं वाढली, मोटारी आल्या, शेजारी अनोळखी झाले आणि तीच मस्ती महागात पडू लागली. 1930 च्या दशकात, मंदीच्या ऐन कडाक्यात, रस्त्यावरचे दिवे फोडणं, गाड्या उलटवणं इथपर्यंत मजल गेली. काही शहरांत सणावर बंदी घालायची भाषा सुरू झाली.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमध्ये मोठा इश्यू आला होता. पर्याय दोन होते, सिस्टिम बंद करा किंवा पॅच मारा. लोकांनी पॅच मारला. मिनेसोटातल्या अनोका गावाने 1920 मध्येच पोरांना उद्योग म्हणून हॅलोविनची मिरवणूक काढली होती. मग गावोगावचे क्लब, शाळा, स्काउटवाले आणि मुख्य म्हणजे गल्लीतल्या आया पुढे सरसावल्या. चार-पाच घरांनी मिळून पार्टी करायची, मुलांनी या घरून त्या घरी जायचं, प्रत्येक घरी काहीतरी खाऊ आणि खेळ. 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द 1920 च्या दशकात कॅनडातल्या वर्तमानपत्रांत दिसायला लागतात. त्यातला सौदा सरळ आहे. खाऊ द्या, नाहीतर खोड्या काढू. मोठ्यांनी तो आनंदाने मान्य केला. फुटलेल्या काचेपेक्षा वाटलेला खाऊ स्वस्त!

मध्ये दुसरं महायुद्ध आलं. 1942 ते 1947 अमेरिकेत साखरेचं रेशनिंग होतं, त्यामुळे गाडी अडली. रेशन उठलं आणि नेमकी तेव्हाच पोरांची लाट आली. 1946 ते 1964 या काळात इथे सुमारे 7.6 कोटी मुलं जन्मली. नव्या उपनगरांत एकसारखी घरं, घरोघरी पोरं, आणि शेजाऱ्यांची ओळख व्हायला निमित्त हवंच होतं. 1952 मध्ये डिस्नेने डोनाल्ड डक आणि त्याच्या पुतण्यांची 'ट्रिक ऑर ट्रीट' नावाची कार्टून फिल्म काढली, 1966 मध्ये चार्ली ब्राउनचं हॅलोविन टीव्हीवर आलं, आणि मग हा सण असाच असतो, कायम असाच होता, असं सगळ्यांना वाटू लागलं.

म्हणजे आज आमची लेक भोपळ्याच्या आकाराची बादली घेऊन ज्या 'पुरातन' प्रथेत सामील होते, ती या रूपात जेमतेम माझ्या आजोबांच्या वयाची आहे. आणि ती कोणा राजाने किंवा धर्मगुरूने ठरवली नाही. वैतागलेल्या आईबापांनी, दुकानदारांनी, मास्तरांनी बसून दुरुस्त केली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. घरातला गणपती 1890 च्या दशकात चौकात आला तो असाच, कोणीतरी मुद्दाम खटपट केली म्हणून.

दुरुस्त केलेली गोष्ट पुन्हा बिघडूही शकते. इथल्या प्रत्येक आईबापाला एक भीती असते, कोणीतरी चॉकलेटमध्ये विष किंवा ब्लेड घालेल. 1974 मध्ये टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा हॅलोविनच्या रात्री सायनाइड घातलेल्या गोळीच्या पुडीने खरंच मेला. पण ती पुडी त्याच्या सख्ख्या बापाने दिली होती, विम्याच्या पैशांसाठी. जोएल बेस्ट हे समाजशास्त्रज्ञ 1980 च्या दशकापासून अशा बातम्या तपासत आले. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतल्या विषाने मूल दगावल्याची एकही पक्की केस त्यांना सापडली नाही. याउलट 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 42 वर्षांचे अपघात तपासले होते. हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातल्या त्याच संध्याकाळच्या तुलनेत 43 टक्के जास्त निघाला, आणि सगळ्यात वाईट वाढ 4 ते 8 वर्षांच्या मुलांमध्ये. थोडक्यात, शेजारच्या म्हातारीला घाबरू नका, रस्त्यावरच्या गाडीला घाबरा. आम्ही लेकीच्या ड्रेसला पाठीमागून चमकणारी पट्टी चिकटवतो, हातात टॉर्च देतो आणि अंधार पडायच्या आत आमच्या गल्लीतली दहा घरं करून परततो. अडीच वर्षांच्या जीवाला दहा घरं म्हणजे पंढरीची वारीच.

शेतावरच्या गमतीही अशाच नव्या. मक्याच्या शेतात वाटा कापून केलेला चक्रव्यूह आजोबांच्या काळचा वाटतो ना? आजच्या धर्तीचा पहिला मोठा चक्रव्यूह 1993 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या ॲनव्हिलमध्ये झाला, डायनासोरच्या आकाराचा. त्यातून मिळालेले पैसे त्या वर्षीच्या मिडवेस्टमधल्या पूरग्रस्तांना गेले. मका घाऊक बाजारात विकून छोट्या शेतकऱ्याचं भागत नाही, तोच मका उभा ठेवून त्यात माणसं हरवायला सोडली की भागतं. आपल्याकडची हुरडा पार्टी तरी वेगळं काय करते? तिकिटाचे पैसे देताना हल्ली मी कुरकुरत नाही.

थँक्सगिव्हिंगचं थोडक्यात सांगतो. 1621 मध्ये प्लिमथला सुमारे 50 इंग्रज आणि 90 वाम्पानोआग लोक तीन दिवस एकत्र जेवले हे खरं, पण त्याचा राष्ट्रीय सण झाला तो 1863 मध्ये, लिंकनच्या घोषणेने. त्यामागे सेरा हेल या संपादिकेचा अनेक वर्षांचा पत्रव्यवहार होता. आपली पोरं बालवाडीत मेरीच्या कोकराचं जे गाणं म्हणतात, ते लिहिणारी हीच बाई! आणि 1970 पासून प्लिमथलाच मूळ रहिवाशांचे वंशज त्याच दिवशी शोकदिन पाळतात. लेक मोठी झाली की तिला दोन्ही सांगायचं असं आम्ही ठरवलंय. तूर्तास तिच्यासाठी थँक्सगिव्हिंग म्हणजे न्यू यॉर्कच्या परेडमधले टीव्हीवर दिसणारे मोठ्ठे फुगे. ती परेड 1924 ची. पहिल्या वर्षी फुगे नव्हते, प्राणिसंग्रहालयातले खरे प्राणी चालले होते.

आता आईच्या प्रश्नाकडे. तिला खरं विचारायचं होतं ते वेगळंच, हे मलाही कळत होतं. नात कोणाची होणार? त्यांची की आपली? मी एवढंच म्हणालो, "अगं आई, सलगम घेऊन आलेल्यांनी भोपळ्यात दिवा लावला. आपल्याला पणतीसुद्धा बदलावी लागत नाहीये." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण लावायला हवी ना कोणीतरी."

ते मात्र खरं. 2024 मध्ये नरकचतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला आली होती, सकाळी उटणं आणि संध्याकाळी भुतं. त्या आधीच्या वर्षी न्यू यॉर्क राज्यात कायदा होऊन शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी मिळाली. त्यामागेही अशीच कित्येक वर्षांची खटपट होती. सण आपोआप पोचत नाहीत, कोणाला तरी शनिवार-रविवार खर्ची घालावे लागतात.

आमच्या कॉम्प्लेक्समधल्या चार घरांनी मिळून यंदा ठरवलंय, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पोरांनी ताटली घेऊन शेजाऱ्यांच्या दारात जायचं. मागायला नाही, चकली आणि शंकरपाळे द्यायला. समोरच्या आयरिश आडनावाच्या आजींना आधीच सांगून ठेवलंय. कोरायचा भोपळा पाणचट असतो, त्यामुळे या शनिवारी पायसाठी मिळतो तो छोटा गोड भोपळा आणणार आहे. घारग्यांची कृती आईकडून मागवली आहे.