सोबत कोण आहे?

गेल्या महिन्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सकाळी उपाशीपोटी जायचं, संध्याकाळी घरी. नर्सने विचारलं, "सोबत कोण आहे?" मी एकटाच राहतो. म्हटलं, रिक्षाने जाईन की! ती ठाम नाही म्हणाली. शेवटी तारीख पुढे ढकलली आणि आईला गावाहून बोलावलं.

मला वाटायचं, हा सगळा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरचा प्रकार. पण पडल्या पडल्या वाचलं, तर ग्लासगोच्या जेम्स निकोल या सर्जनने १९०९ सालीच मुलांच्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा हिशोब मांडला होता. दहा वर्षांतल्या, सगळ्या बाह्यरुग्ण विभागातल्या! हर्निया, दुभंगलेले ओठ, वाकडी पावलं. ऑपरेशन झालं की मूल आईच्या कडेवर घरी. पुढे नर्स घरी जाऊन बघायची. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईपासून तोडू नये, असं निकोलचं म्हणणं.

म्हणजे हॉस्पिटलची खाट वाचली, शुश्रूषा नाही. ती फक्त घरी आली, आयांच्या वाट्याला. माझ्याकडेही पहाटे तीनला गोळी द्यायला आईच उठत होती. नर्सचा प्रश्न तेव्हा कळला.

आई परवा गावी गेली. हे तिला सांगायचं मात्र राहिलंच.