दासीपुत्र (वारसाहक्क)

दासीपुत्र : घरात ठेवलेल्या स्त्रीपासून लग्नाबाहेर झालेला मुलगा, बोलीत लेकावळा, अक्करमाशी. ब्रिटिशकालीन मुंबई इलाख्यात बापाच्या मिळकतीवरचा त्याचा हक्क बापाच्या वर्णावरून ठरे. बाप त्रैवर्णिक (ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य) असेल तर नुसती पोटगी. शूद्र असेल तर बापाच्या हयातीत त्याच्या मर्जीप्रमाणे आणि पश्चात औरस भावांबरोबर निम्मा वाटा. हा भेद मिताक्षरा या धर्मशास्त्रावरील टीकाग्रंथातला. हायकोर्टाच्या निकालांनी तो पक्का झाला. अनौरस मुलीला बापाकडून वारसा कोणत्याच वर्णात नव्हता.

वाटा मागणाऱ्या मुलाच्या आईची कोर्टात उलटतपासणी होई. ती त्या पुरुषाजवळ कायम आणि फक्त त्याचीच म्हणून राहिली, हे शाबीत करावे लागे. पुणे जिल्ह्यातल्या कुणबी घरांत पाट (स्त्रीचा पुनर्विवाह) रूढ होता. पण पहिला नवरा हयात असून त्याने सोडचिठ्ठी दिलेली नसेल, तर कोर्ट तो संबंध व्यभिचाराचा मानी. ‘राही विरुद्ध गोविंद’ (१८७५) या खटल्यात मुंबई हायकोर्टाने अशा पाटाच्या मुलाला वारसा नाकारला, पोटगी मान्य केली. आईला सोडचिठ्ठी नसल्याचा दंड मुलाने भरावा, हा उघड अन्याय होता. ‘सदू विरुद्ध बायजा’ (१८७८) मध्ये उलट घडले. मानाजीच्या मागे औरस महादू आणि दासीपुत्र सदू हे दोन मुलगे होते; महादू वारल्यावर मानाजीच्या विधवा हयात असूनही मिळकत सदूकडे गेली.

हक्क बापाच्या वर्णावरून ठरत असल्यामुळे भाऊबंदकीचा दावा घराण्याच्या वर्णावर येऊन ठेपे. तंजावरच्या राजवाड्याच्या मिळकतीवरील दाव्यात मद्रास हायकोर्टाने १९२० च्या दशकात तिथल्या भोसल्यांना शूद्र ठरवले. ‘सुबराव विरुद्ध राधा’ (१९२८) मध्ये मुंबई हायकोर्टाने शहाण्णव कुळी मराठ्यांना क्षत्रिय मानले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९२० मध्येच अनौरस संतती व जोगतिणींसाठी कायदा केला होता.

शूद्र दासीपुत्राचा हा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने संपला. अनौरस मुले आता फक्त आईची आणि एकमेकांची नातलग धरली जातात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे बेकायदा ठरलेल्या लग्नाच्या मुलांना आईबापांच्या मिळकतीत वारसा मिळतो. एकत्र कुटुंबात बापाच्या वाट्याला येणारा हिस्साही त्यात धरावा, असे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. लग्नच न लागलेल्या आईच्या मुलाला हे कलम लागू होत नाही.