नेम, नळी आणि माणूस

बंदूक म्हटली कीं ती खांद्याला लावून उभा असलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु अशीहि एक बंदूक आहे कीं जिला खांदा लागत नाहीं, आणि म्हणून जिला दस्ताच नसतो. जाड पोलादी नळी एका धातूच्या ठोकळ्यांत घट्ट आवळलेली. तो ठोकळा रुळांवरून मागेंपुढें सरकणारा. आणि खालची वजनदार बैठक तीन टोंकांवर भक्कम टेबलावर रोंवलेली. स्क्रू फिरवून नेम जुळवावयाचा, चाप ओढावयाचा, आणि बार झाल्यावर मागें सरलेली नळी पुन्हां पुढें लोटावयाची, एवढेंच माणसाचें काम. टेबलावर टेकून खेळावयाच्या या नेमबाजीला ‘बेंचरेस्ट’ म्हणतात. तींत मध्यबिंदु फोडण्याला फारसें महत्त्व नाहीं. पांच किंवा दहा गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या, हें मोजतात. हात काढून घेतला तर नेम कोणाचा उरतो, हा या खेळाच्या मुळाशीं असलेला प्रश्न आहे, आणि त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

बंदुकीला टेकू देण्याची युक्ति कांहीं नवी नव्हे. तोड्याची लांब नळीची बंदूक हातांत तोलून धरणें जड जाई. म्हणून ती तटाच्या जंग्यांतून, दगडावरून किंवा लांकडी बेचक्यावरून झाडीत. अफगाणांची जेजाल बेचक्यावरूनच चाले. आणि पानिपतावर १७६१ सालीं अबदालीच्या उंटांच्या पाठीवर जी जंबुरकें होतीं, त्यांचा टेकू म्हणजे तो उंटच. परंतु टेकूनें हात स्थिर झाला तरी गोळी स्थिर झाली नाहीं. गुळगुळीत नळींत वाटोळी गोळी सैल असे. ती नळीच्या अंगाला आपटत बाहेर पडे आणि दर वेळीं निराळीच गिरकी घेई.

या गिरकीचें मर्म बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें उलगडलें. १७४२ सालीं त्यानें तोफविद्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वेड्यावांकड्या गिरकीमुळें हवा गोळीला बाजूला लोटते, पण नळीच्या आंत पेचदार खांचा पाडून गोळीला नेमकी एकाच तऱ्हेची फिरकी दिली तर ती सरळ जाते, हें त्यानें दाखवून दिलें. अशा खांचा युरोपांत पूर्वींपासून पाडीत असत; त्यांचें कारण मात्र आतां कळलें. हाच रॉबिन्स पुढें कंपनी सरकारचा मुख्य इंजिनियर होऊन हिंदुस्थानांत आला, आणि १७५१ सालीं कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारला.

त्या खांचांनीं पुढें आपल्या देशाच्या इतिहासांतहि ठसा उमटविला. पेचदार नळींत गोळी सुलभपणें उतरावी म्हणून एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांना चरबी लावीत, आणि १८५७ चा भडका त्या काडतुसांवरूनच उडाला. नेमाची सूक्ष्मता हा केवळ कारागिरीचा विषय नाहीं, हें यावरून दिसेल.

पुढें तीनच वर्षांनीं, २ जुलै १८६० रोजीं, विंबल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीच्या हस्तें नेमबाजीच्या सामन्यांचें उद्‌घाटन झालें. व्हिटवर्थची षट्‌कोनी नळीची रायफल यांत्रिक टेकूंत आधींच जुळवून ठेविली होती. राणीनें नुसती दोरी ओढली, आणि गोळी ४०० यार्डांवरच्या निशाणाच्या मध्याजवळ लागली. जयजयकार राणीचा झाला. नेम व्हिटवर्थचा होता!

अमेरिकेंत या विचाराचें शास्त्र बनलें. कोलोराडोंतील रोलंड यानें १९०१ सालीं टेकूवरून २०० यार्डांवर दहा गोळ्या पाऊण इंचाच्या आंत बसविल्या. दुसरें महायुद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत बेंचरेस्टच्या संस्था निघाल्या, आणि १९७३ सालीं मॅकमिलन यानें १०० यार्डांवर पांच गोळ्यांचा .००९ इंचाचा, म्हणजे पाव मिलिमीटरहूनहि कमी अंतराचा, पुंजका साधला. हा विक्रम चाळीस वर्षें अबाधित राहिला.

आपल्याकडे मात्र वाट निराळी झाली. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला बंदुकीसाठीं परवाना अवश्य ठरला, गोऱ्याला त्यांतून सूट मिळाली. राष्ट्रीय सभेनें १८८७ सालींच मद्रासच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव केला. ज्या समाजाला बंदूक हातांतच घेतां येत नाहीं, त्यानें ती हातावेगळी करण्याचे प्रयोग कोठून करावे? स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर. एका सत्याग्रहीनें नेमबाजीची धुरा वाहावी, यांत विसंगति नाहीं. हिरावलेला अधिकार शिस्तीनें परत घेण्याचाच तो एक मार्ग होता.

१९५९ च्या नव्या कायद्यांत दोन परवान्यांची सोय शेजारींशेजारीं आढळते: एक पिकाच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीची, दुसरी रायफल क्लबाच्या सभासदाला निशाणाच्या सरावाची. यवतमाळ जिल्ह्यांत बाभुळगांवाकडच्या काळ्या रानांत रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या कुणब्याला पाव मिलिमीटरचें काय होय? त्याला पीक वांचलें म्हणजे झालें. परंतु दुसऱ्या परवान्यानें महाराष्ट्राला मोठा लौकिक दिला. तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें जगज्जेती झाली. आणि राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यानें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें. या प्रकारांत टेबल नाहीं, रूळ नाहींत. गुडघ्यावर बसून, पालथें पडून आणि उभें राहून १०.४ मिलिमीटर व्यासाचें वर्तुळ टिपावयाचें. टेकू काय तो स्वतःच्या हाडांचा.

मग दस्ता नसलेल्या बंदुकीपाशीं माणूस अगदींच निरुपयोगी होतो काय? नाहीं. हाताचा कंप गेल्यावर जे दोष उरतात, ते दारूच्या वजनांतले, गोळीच्या घडणींतले, आणि सर्वांत मोठा वाऱ्यांतला. म्हणून त्या मैदानावर टेबलापासून निशाणापर्यंत वारा दाखविणाऱ्या झेंड्या लावलेल्या असतात, आणि खेळाडूची दृष्टि त्या झेंड्यांवर खिळलेली असते. आतां झाडावें कीं क्षणभर थांबावें, हें रूळ सांगत नाहींत, स्क्रू सांगत नाहींत. यंत्रानें माणसाच्या हातून नेम काढून घेतला, पण निर्णय काढून घेतला नाहीं. तीनशें वर्षांच्या खटाटोपानंतरहि तो माणसाकडेच राहिला आहे, आणि त्याची जबाबदारीहि त्याच्याच शिरावर आहे.