मूठभर धान्य आणि शाळेचा बाक

माझ्या आज्जीला पोथी वाचता यायची. दशलक्षण पर्वात दुपारी बस्तीत बायका जमल्या की तीच वाचायला बसायची, चष्मा नाकावर ओढून, एकेका ओळीवर बोट ठेवून. हीच आज्जी पतपेढीत गेली की शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायची. लहानपणी मला याचं फार नवल वाटे. वाचता येतं तर सही का येत नाही? विचारलं तर म्हणायची, "पोथीपुरतं वडिलांनी शिकवलं गं. लिहून मला कुणाला पत्रं धाडायची होती?"

या कोड्याचा उलगडा मला फार लांब जाऊन झाला. लेकीच्या बाळंतपणाला मी अमेरिकेत बॉस्टनजवळ राहिले होते. तिथून जवळच डेडहॅम नावाचं गाव आहे. सर्वांच्या करातून चाललेली अमेरिकेतली पहिली शाळा आमची, असं त्या गावातली पाटी सांगते. बाळ झोपलं की लेकीने वाचनालयातून आणलेली पुस्तकं मी चाळत बसे. शाळा कुणी काढली यापेक्षा पैसे कुठून आणले, यातच माझा जीव जास्त रमला. घर चालवणाऱ्या बाईची नजर, दुसरं काय!

१६३० च्या सुमारास इंग्लंडहून प्युरिटन पंथाचे लोक मोठ्या संख्येने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरले. जमीन मुळात तिथल्या आदिवासींची. आधीच्या साथींनी त्यांची गावंच्या गावं ओस पडली होती. त्या जमिनीवर या लोकांनी वसाहती मांडल्या. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यामुळे घरं धड उभी राहतात न राहतात तोच शाळेची चिंता सुरू झाली. १६३५ मध्ये बॉस्टनला लॅटिन शाळा निघाली. पुढच्याच वर्षी कॉलेजसाठी वसाहतीने ४०० पौंड मंजूर केले. तेच पुढचं हार्वर्ड.

पण लहान गावांनी काय करावं? रोख पैसा फारसा कुणाच्या हातात नसे. डॉर्चेस्टर गावाने १६३९ मध्ये एक युक्ती काढली. किनाऱ्यासमोर थॉम्पसनचं बेट होतं आणि गावकऱ्यांचे त्यात वाटे होते. या वाटेकऱ्यांवर मिळून वर्षाला २० पौंड खंड बसवला, तो मास्तरांच्या पगारासाठी. वाटेकरी पुष्कळ, वसुली किचकट. शेवटी लोकांनी आपले वाटेच शाळेसाठी गावाच्या स्वाधीन केले. आता सगळं सुरळीत होणार, तर १६४८ मध्ये थॉम्पसनचा मुलगा उभा राहिला. बेट माझ्या वडिलांचं! त्याचा हक्क मान्य झाला आणि शाळेचं उत्पन्न गेलं. दानाची जमीन आणि वारसाचा दावा, आपल्याकडे हे काय नवीन आहे?

डेडहॅमने १६४४ मध्ये वेगळी वाट धरली. गावसभेत ठरलं की वर्षाला २० पौंड शाळेसाठी, आणि ते सगळ्या गावाने द्यायचे. घरात शाळेच्या वयाचं मूल असो वा नसो. तीन वर्षांनी वसाहतीने कायदाच केला. ५० घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवायचा, १०० घरांच्या गावाने लॅटिनची शाळा काढायची. पगार पालकांनी द्यायचा की सगळ्या गावाने, हे मात्र गावावर सोडलं. शाळा काढली नाही तर ५ पौंड दंड. काही गावांनी हिशेब केला, मास्तरापेक्षा दंड स्वस्त! म्हणून १६७१ मध्ये तो १० पौंड करावा लागला.

यातली एक गोष्ट वाचताना मी थबकलेच. १६४४ मध्येच हार्वर्डच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी आवाहन निघालं की ज्याला जमेल त्या प्रत्येक घराने पाव बुशेल धान्य किंवा १२ पेन्स द्यावेत. पाव बुशेल गहू म्हणजे साधारण सहा-सात किलो. मला आमच्या घरातलं मडकं आठवलं. दळणाला बसण्याआधी आज्जी त्यात मूठभर जोंधळे टाकायची. ते बोर्डिंगातल्या मुलांसाठी.

आता मुलींचं काय, ते ऐका. डॉर्चेस्टरच्या त्या १६३९ च्या ठरावातच हा प्रश्न आला होता. मुलग्यांबरोबर मुलींनाही शिकवावं का? हे चर्चचे वडीलधारे आणि गावचे सात पंच ठरवतील, असं लिहून विषय संपवला. गावसभेत बायकांना मत नव्हतं. मुलींना वाचता येणं हवं होतं, धर्मग्रंथासाठी. ते एखादी बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात, चूल सांभाळत, चार पैसे घेऊन शिकवायची. लिहिणं मात्र व्यवहाराचं, म्हणजे पुरुषांचं. त्यामुळे बायबल वाचणाऱ्या कितीतरी बायका दस्तावर सहीऐवजी नुसती खूण करायच्या.

वाचता वाचता माझ्या डोळ्यांसमोर पतपेढीतला तो अंगठा आला.

हे थोडंथोडकं चाललं नाही. १७८८ मध्ये नॉर्थॅम्प्टन गावाने तर ठरावच केला की मुलींच्या शिक्षणावर गावाचा खर्च करायचा नाही. गावकरी कोर्टात गेले, तेव्हा कुठे १७९२ मध्ये मुलींना दार उघडलं. बॉस्टनने १७८९ मध्ये मुलींना घेतलं, पण एप्रिल ते ऑक्टोबर एवढंच. कर सगळ्यांचा होता, बाक मात्र अर्ध्याच लेकरांना मिळत होता.

या मुलखाशी आपलं नातंही आहे बरं का. तिथल्याच एका मिशनने पाठवलेल्या सिंथिया फरार बाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना समाधान वाटलं होतं, आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली.

आणि आपल्या समाजातल्या लक्ष्मीबाई पाटील तर तुम्हाला ठाऊकच आहेत. कर्मवीर भाऊरावांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. शास्त्रदान म्हणजे काय ते त्या माउलीने करून दाखवलं.

परत आल्यावर मी माहेरी गेले. गावच्या शाळेच्या भिंतीवर देणगीदारांची फरशी आहे. त्यात आजोबांचं नाव आहे. जोंधळे साठवणाऱ्या आज्जीचं नाही. आजोबांनी दिलं ते खोटं नव्हे, पण मडकं तिचं होतं. आणि त्या शाळेत तिला कधी बसता आलं नव्हतं.

यंदा पर्वात शिष्यवृत्ती निधीची पावती फाडायला मंडळातला मुलगा घरी आला. सवयीने त्याने विचारलं, "काकू, काकांचं नाव घालू ना?"

म्हटलं, "माझं घाल. आणि खाली आज्जीच्या स्मरणार्थ म्हणून तिचं."

नाव सांगायला गेले तर घसा भरून आला. मग त्याच्याच हातातलं पेन घेतलं आणि आज्जीचं पूर्ण नाव मीच लिहिलं.