मडके काय पिते

झिलई नसलेल्या मातीच्या भांड्यात अन्न शिजवणे सुरक्षित आहे काय, हा प्रश्न अलीकडे पुन्हा विचारला जाऊ लागला आहे. आपल्या समाजाने त्याचे उत्तर फार पूर्वीच दिले होते. मात्र ते केवळ आरोग्याचे उत्तर नव्हते, असे आम्हांस वाटते.

आपला कुंभार पिढ्यान्‌पिढ्या झिलईवाचूनच भांडी घडवीत आला. महेश्वरच्या घाटासमोर, नर्मदेच्या दक्षिण तीरावर नावडाटोली आहे. तेथे १९५०च्या दशकात डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत गहू, मसूर, वाटाणा यांचे जळके दाणे मिळाले, आणि सुंदर नक्षीची असंख्य खापरेही. नक्षीखाली मातीचा पातळ लेप आहे. काचेसारखी झिलई नाही.

कुंभाराच्या आव्यात उष्णता साधारणपणे ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. तेवढ्याने माती भाजते, पण तिचे कण वितळून एकजीव होत नाहीत. सूक्ष्म छिद्रे राहतात. रांजणातले पाणी गार होते ते त्यांच्यामुळेच, आणि मडके तेल-तूप ‘पिते’ तेही त्यांच्यामुळेच. कच्छमधील कोटडा भडली येथील सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत मुरलेल्या स्निग्धांशांचे पृथक्करण करून, तेथे दुधावर प्रक्रिया होत असे, हे संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले. गृहिणीला जो दोष, तोच संशोधकाला पुरावा!

धर्मशास्त्रकारांनाही हा गुण ठाऊक होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने शुद्ध होते असे सांगितले आहे. मात्र मद्य, मूत्र, पू, रक्त यांचा स्पर्श झालेले भांडे पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही. तांब्या-पितळेचे भांडे चिंच-राखेने घासून परत घ्यावे, मातीचे टाकून द्यावे, हा घरोघरीचा रिवाज. ग्रहणानंतर किंवा सुतक फिटल्यावर कित्येक घरांतून जुनी मडकी बाहेर पडत. येथवर या नियमामागे पदार्थाचे सूक्ष्म निरीक्षण आहे, असे म्हणता येईल.

परंतु भांड्याला लावलेला नियम माणसाला लावला गेला, तेथे निरीक्षण संपले. बलुतेदार कुंभाराच्या हातचे कोरे मडके चालत असे. त्यात पाणी भरले की मात्र ‘खालच्या’ मानलेल्या जातीच्या स्पर्शाने ते विटाळे. कोरड्या हाताच्या स्पर्शाने मडक्यात काय मुरते? काहीच नाही. १९२७ साली महाडला अस्पृश्य समाजाने चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर सनातन्यांनी घागरींतून पंचगव्य ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. तेथे तर छिद्रे असलेले भांडेही नव्हते, नुसते पाणी होते. आमच्या जुन्या घराण्यांनी ओसरीवर वेगळी ठेवलेली मडकी आठवावीत आणि त्यांचे कारण मातीत शोधू नये.

आता आरोग्याचे पाहू. खरे भय साध्या मातीपेक्षा स्वस्त, चकचकीत झिलईचे आहे. कमी उष्णतेवर चढवलेल्या काही झिलयांत शिसे असते. चिंच, आमसूल, लोणच्याचा आंबटपणा ते अन्नात उतरवतो. चांगल्या कारखान्यातली, उच्च उष्णतेवर भाजलेली चिनी मातीची बरणी यास अपवाद. साध्या मडक्यात झिलईचे शिसे नसते, म्हणूनच गोव्यात आमसुलाची आंबट हुमण पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भांड्यात शिजली. अर्थात माती कोठली, हे कुंभाराला विचारावेच. रंग किंवा वॉर्निश लावलेली शोभेची भांडी चुलीवर नेऊ नयेत.

नवे मडके रात्रभर पाण्यात भिजवून मग त्यात मंद आचेवर भाताची पेज उकळावी. पिठूळ अंशाने छिद्रे बरीचशी बुजतात. साबण नको, तोही मुरतो. काथ्या, राख आणि गरम पाणी पुरे. धुतल्यावर उन्हात खडखडीत वाळवावे, नाही तर बुरशी धरते. दुधाचे आणि मासळीचे भांडे वेगळे असावे. मडक्याला खवट वास येऊ लागला की ते अन्नातून काढावे. खापरावर मांडे भाजणाऱ्या खानदेशी घरांना ही काळजी कमीच, कारण तिथे तेल-तुपाने शिजवायचे काही नसते. उलटे खापर, वर पुरणाचा मांडा आणि खाली जाळ, एवढेच.