न मारण्याचे व्रत

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत नातवाबरोबर १९८९ सालचा ‘बॅटमन’ हा चित्रपट पाहत होतो. अखेरीस चर्चच्या उंच मनोऱ्यावरून जोकर खाली कोसळला, तसा नातू माझ्याकडे वळून म्हणाला, “आजोबा, बॅटमन तर कुणाला ठार मारत नाही ना?”

पोराचे म्हणणे खोटे नव्हते आणि डोळ्यांपुढचे दृश्यही खोटे नव्हते. या दोहोंचा मेळ घालायचा, तर त्या चित्रपटाच्या मागे पन्नास वर्षे जावे लागते.

१९३९ साली अमेरिकेत ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात बॅटमन प्रथम अवतरला. बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे जनक. तेव्हा या वीराने अहिंसेचे व्रत घेतलेले नव्हते. पहिल्याच गोष्टीत त्याच्या ठोशाने खलनायक तेजाबाच्या हौदात पडतो, आणि नायकाला त्याची यत्किंचितही खंत वाटत नाही. १९४० साली त्याच्या नावाचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. त्याच्या पहिल्या अंकात तर तो विमानातून मशिनगन झाडतो.

संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना हे रुचले नाही. दहा सेंटांचे ते चित्रपुस्तक मुलांच्या हाती पडणारे! त्यांनी बजावले, की यापुढे बॅटमनने कुणाचा जीव घ्यायचा नाही. मौज अशी, की जोकरही त्याच अंकात जन्मला होता आणि अंकाच्या शेवटी तो मरायचा होता. एल्सवर्थ यांनी त्यालाही वाचवले. तो जगणार असे सांगणारे एक चित्र घाईघाईने जोडण्यात आले. यात नीती होती, तसा व्यवहारही होता. खलनायक जगला, तर पुढच्या अंकाला गोष्ट मिळते.

चित्रपटाचा संसार निराळा. तेथे दोन तासांत सारे आटोपायचे असते. दिग्दर्शक टिम बर्टन यांच्या चित्रपटात बॅटमन जोकरचा पाय दोरीने दगडी मूर्तीला जखडतो, आणि १९४० साली वाचलेला जोकर पडद्यावर मरतो.

पुढे २००८ साली ‘द डार्क नाइट’मध्ये तोच बॅटमन कोसळत्या जोकरला दोरीने वर खेचून घेतो. पण त्याच रात्री एका मुलाला वाचवताना हार्वी डेंट त्याच्या हातून मरतोच. २०१३ सालच्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये झॉड एका निरपराध कुटुंबाला जाळू पाहतो, तेव्हा सुपरमॅन त्याची मान मोडतो आणि गुडघे टेकून आक्रोश करतो. अनेक चाहत्यांना हे सहन झाले नाही. चित्रकथेतही १९८८ साली त्याने तीन गुन्हेगारांना देहदंड दिला होता. त्या पापाच्या बोचणीने तो पृथ्वी सोडून अंतराळात भटकत राहिला.

त्या आक्रोशातच मला नातवाच्या प्रश्नाचे मोल दिसते. ज्याला कोणीही अडवू शकत नाही, त्याचा हात धरणार कोण? त्याने स्वतःवर घातलेले बंधनच ना! ते सुटले, की वीर आणि खल यांत फरक उरतो तो पोशाखाचा.

मी नातवाला एल्सवर्थ यांची हकीकत सांगितली. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, “मग आजोबा, सिनेमाला संपादक नसतो का?”