मोटारगाडीच्या काळ्या काचा

मोटारगाडीच्या काचांतून किती प्रकाश आरपार गेला पाहिजे याविषयीचे भारतातील निर्बंध आणि त्यांच्या भंगाबद्दलचा दंड. मूळ काचेच्या रंगावरून वाद क्वचितच होतो. खटले आणि चलाने होतात ती काचेला आतून चिकटवलेल्या फिल्मवरून.

मर्यादा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० नुसार समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या खिडक्यांच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश पार झाला पाहिजे. टक्केवारी जितकी कमी, तितकी काच गडद. कारखान्यातून येणारी काचही शंभर टक्के प्रकाश सोडत नाही. ७५ टक्के सोडणाऱ्या काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर सुमारे ५२ टक्केच प्रकाश उरतो. बाजूच्या खिडकीला हे प्रमाण जेमतेम चालेल, समोरच्या काचेला चालणार नाही. दुकानात सांगितली जाणारी टक्केवारी बहुधा एकट्या फिल्मची असते, हे गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही.

२०१२चा निकाल : अविषेक गोएंका विरुद्ध भारतीय संघराज्य या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी दिलेला निकाल या विषयात पायाभूत मानला जातो. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया, न्या. ए. के. पटनाईक व न्या. स्वतंत्र कुमार यांच्या पीठापुढे प्रश्न टक्केवारीचा होता; उत्तर मात्र त्यापलीकडे गेले. नियमातील प्रमाण निर्मितीच्या वेळी काचेत असावयाचे आहे, नंतर वर काही चिकटवून ते साधण्याची मुभा नियम देत नाही, असे न्यायालयाने ठरवले. परिणामी ४ मे २०१२पासून कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म अथवा अन्य साहित्य काचांवर लावण्यास देशभर मनाई झाली. रंगीत काच मर्यादेत असल्यास वैध, पण तेवढाच प्रकाश सोडणारी फिल्म अवैध, अशी ही काहीशी चमत्कारिक स्थिती होती. गडद काचांआड होणारे गंभीर गुन्हे व दहशतवादी कृत्ये ही निकालामागील मुख्य कारणे; काही व्यक्तींच्या सोयीपेक्षा सार्वजनिक सुरक्षितता वरचढ ठरली. फिल्मचे उत्पादक व विक्रेते मग न्यायालयात गेले. दोन काचांमधील प्लॅस्टिकचा थर नियमाला चालतो, मग फिल्म का नको, अशा धर्तीचा त्यांचा युक्तिवाद ३ ऑगस्ट २०१२च्या आदेशाने फेटाळला गेला.

सवलत : केवळ झेड व झेड प्लस सुरक्षा असलेल्या व्यक्तींच्या वाहनांपुरती, तीही राज्याचे गृहसचिव व पोलीस महासंचालक अथवा पोलीस आयुक्त यांच्या समितीने तपासल्यावर.

दंड : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७७ खाली पूर्वी पहिल्या गुन्ह्यास १००, पुढील गुन्ह्यास ३०० रुपयांपर्यंत दंड होता, २०१९च्या दुरुस्तीने तो अनुक्रमे ५०० व १,५०० झाला. महाराष्ट्राने वाढीव दरांची अंमलबजावणी बरीच लांबवली व डिसेंबर २०२१मध्ये नवे तडजोड शुल्क लागू केले. महागड्या गाडीच्या मालकाला ही रक्कम जाचक वाटण्याजोगी नाही. खरा धाक २०१२च्या निकालातील दुसऱ्या आदेशाचा आहे : पोलिसांनी केवळ चलान करून थांबू नये, फिल्म तत्काळ उतरवून घ्यावी. १६ डिसेंबर २०१२च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेतील बसच्या काचा गडद होत्या, आत पडदेही होते. त्यानंतर या आदेशाच्या अंमलबजावणीवर कठोर टीका झाली.

नियमातील बदल : १ एप्रिल २०२१पासून नियम १०० मध्ये सुरक्षा काचेबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ ही संज्ञा आली, आतील बाजूस प्लॅस्टिकचा थर असलेली काच तीत मोडते. त्याआधारे केरळ उच्च न्यायालयाचे न्या. एन. नगरेश यांनी सप्टेंबर २०२४मध्ये ७०-५० टक्क्यांच्या मर्यादेतील प्रमाणित फिल्मसाठी दंड करता येणार नाही, असा निर्णय दिला. तो केरळबाहेर बंधनकारक नाही, आणि गाडी बाजारात आल्यावर चिकटवलेली फिल्म या संज्ञेत बसते की नाही याबाबत मतभेद संभवतात.

मापन : प्रकाशपारगम्यता मोजणाऱ्या हातात धरण्याच्या उपकरणाने.

इतर देश : ब्रिटनमध्ये समोरच्या काचेस ७५, पुढील दारांच्या काचांस ७० टक्के, मागील काचांस मर्यादा नाही. अमेरिकेत राज्यागणिक वेगळे नियम.